एका तोंडाला एकच पाइप

९ जानेवारी, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. सौ.ला आणि चिमणीलाही सांग. चिमणी आता नोकरीला लागली आणि साहेबाशी भांडते असं ऐकलं, म्हणजे तिला चिमणी म्हणण्यात काही अर्थ उरला नाही. पण मला दुसरं सुचत नाही. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. चालायचंच.

माझं पत्र म्हणजे वर्षातून एकदा, चार ओळी, खाली सही. आज एवढा जाड लिफाफा पाहून तू आधी शेवटचं पान उघडलं असशील, कोण गेलं ते बघायला. तुझी खोड मला ठाऊक आहे. कोणी गेलेलं नाही. मुकाट्याने पहिल्या पानावर ये.

माझा नंबर लागला!

कसला म्हणून काय विचारतोस? कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्याची काच आठव. आपण मामांच्या दुकानात कवळ्या करायला शिकत होतो. दुपारच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ त्या काचेला नाक लावून उभं राहायचं. आत हिरव्या कापडावर तो पाइप एकटाच ठेवलेला. विकायचा नव्हता, दुकानदाराचा स्वतःचा होता. शेवटी एकदा तो म्हातारा वैतागला. "तुमच्या नाकांचे डाग पुसून माझे हात दुखले," म्हणाला. "या आत. हातात धरा, पण तोंडात घालायचा नाही." मी आधी धरला, मग तू. तंबाखू भरायची वाटी मधासारखी तांबूस, आणि दातांत धरायच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बारीक खाचा. म्हातारा म्हणाला की हा पाइप करणारा माणूस आधी तुमच्या दातांचा ठसा मागवतो आणि त्यावरून हे टोक कोरतो. ज्याचा पाइप त्याच्या तोंडात तो हात न लावता बसतो, दुसऱ्याच्या तोंडात नुसतं लाकूड. तू लगेच म्हणालास, "म्हणजे हा आमच्यातलाच की! हाही कवळ्याच करतो, फक्त उलट्या." त्या दिवसापासून आपण त्या न पाहिलेल्या कारागिराला व्यवसायबंधू म्हणायला लागलो.

तर अकरा वर्षांपूर्वी मी त्या व्यवसायबंधूच्या यादीत नाव घातलं. तो अजून एकटाच काम करतो, वर्षाला बारा पाइप, एकही जास्त नाही. घाई केली तर यादीतून काढून टाकतो असं ऐकून मी एक चकार शब्द लिहिला नाही. तुझी वहिनी म्हणते, "अकरा वर्षांत लोकांची तंबाखू सुटते, तुम्ही रांग सोडली नाहीत." परवा त्याचं पत्र आलं. आपली पाळी आली आहे, ठसा पाठवा. खाली तीन अटी, ठळक अक्षरांत. एका तोंडाला एकच पाइप. केलेला परत घेत नाही. दुसरा करत नाही.

इथे तुझ्या दादाची पंचाईत झाली. माझ्या वरच्या दातांतला एकही आता जागेवर नाही, खाली चार उरलेत. गावभर कवळ्या करून देणाऱ्याच्या तोंडात कवळी! दिव्याखाली अंधार. त्या कवळीचा ठसा पाठवायला माझं मन होईना. काचेसमोर उभा राहायचा तो चोवीस वर्षांचा माणूस, त्याच्या तोंडासाठी मला पाइप हवा होता. आणि मग एकदम आपले जबडे आठवले.

शिकताना पहिले ठसे आपण एकमेकांच्या तोंडाचे घेतले होते. तू माझ्या तोंडात इतकं मेण कोंबलंस की मला दोन दिवस अन्नाचा वास सहन होईना. त्या ठशांत प्लास्टर ओतून केलेले दोन जबडे अजून वरच्या फळीवर होते, वरचा-खालचा एकत्र बांधून कागदात गुंडाळलेले. मामांचा नियम आठवतो ना? जबड्यावर नाव लिहायचं नाही, बुडाला फक्त आकडा कोरायचा. माणसाच्या तोंडात काय आहे हे त्याचं गुपित. माझा एक, तुझा दोन. मी फक्त बुडाचा कागद बाजूला केला, एक आकडा पाहिला आणि तसाच पुन्हा गुंडाळला. खरं सांगू? वरचा कागद काढून ते जुने दात पाहायचा धीर झाला नाही. पार्सल त्याच दिवशी रवाना.

तू म्हणशील, दादा, ते दात तर आता नाहीत, पाइप बसणार कशावर? अरे, मी धंद्याने कोण आहे? पाइप आला की त्याच्या खाचांना बरोबर लागतील असे दात लावून मी स्वतःला नवी कवळी करणार. लोक तोंडासाठी पाइप करतात, मी पाइपसाठी तोंड करीन. हे ऐकून तुझी वहिनी हसत हसत खुर्चीत बसली, गुडघे विसरून.

बाकी दुकान चाललंय. परवा गाणाऱ्या बाई आल्या होत्या, कवळी घासून न्यायला. ऐंशी पार केली, तरी जिना एकट्या चढतात. कवळी अजून तीच आहे. मी ती हातात घेतली की... असो.

तुझ्या बटणांच्या कारखान्यात कसं काय? हजार बटणांत एक वाकडं भोक शोधून काढणारा डोळा तुझा. तो डोळा आमच्या कामाला... असो, असो. आज हा शब्द फार येतोय.

पाइप आला की ये. मामा गेले तेव्हा आलास तो उभ्या उभ्या. ही तर चांगली वार्ता आहे, जरा टेकायला ये.

नंबर लागलेला,
तुझा दादा


२७ एप्रिल, रविवार

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते वरवरचे वाटतील म्हणून लांबण लावत नाही.

पाइप आला. काल सकाळी मी आणि तुझी वहिनी दोघांनी मिळून खोकं उघडलं, दुकानातल्या कामाच्या टेबलावर, खिडकीखाली. धाकट्या, काय वस्तू आहे! काचेतल्यापेक्षा देखणा. लाकडातल्या रेषा बुडापासून काठापर्यंत सरळ, कुठे अडखळत नाहीत.  तुझी वहिनी, जी मला गेली तीस वर्षं मागच्या जिन्यावर बसवून पाइप ओढायला लावते, ती म्हणाली, "आज घरात ओढा. खिडकी उघडते मी." यापेक्षा मोठा सन्मान मला या जन्मात मिळायचा नाही.

मी तोंडात धरला. फिरला. सरळ केला, पुन्हा फिरला. कवळी काढून पाहिलं, घालून पाहिलं. उजवीकडे धरायची माझी सवय. खाचा मात्र डावीकडे धरायच्या बेताने कोरलेल्या. तेव्हा भिंग घेतलं. धंद्याची सवय, भिंग घेतल्याशिवाय विश्वास बसत नाही. वरच्या बाजूची खाच आडवी होती. कोणाचा तरी सुळा अंग चोरून उभ्या माणसासारखा कुशीवर वळलेला, त्याची ती खूण. चाळीस वर्षांत मी हजारो तोंडं पाहिली. असा सुळा एकदाच पाहिला. तो तुझ्या तोंडात आहे.

मी शिडी लावून वरच्या फळीवरचा दुसरा जबडा काढला. बुडाला दोन आकडा, माझ्या हातचा. कागद काढला, तर समोरच्या दातांत ती फट, जिच्यातून मी शिट्टी वाजवायचो. तो माझा जबडा होता. अकरा वर्षं थांबून मी तुझं तोंड पाठवलं.

तुझी वहिनी म्हणाली, "असू द्या हो, अदलाबदल झाली." पण अदलाबदल होत नसते. कोणीतरी ती करतं. तू जबडा ओतलास की लगेच, प्लास्टर ओलं असतानाच, काडीने आकडा ओढायचास. मला मध्ये थांबायचा कंटाळा. मी सगळे ओतायचो, वाळवायचो, ओळीने मांडायचो आणि मग आठवून आठवून आकडे कोरायचो. मामा ओरडायचे, "आधी आकडा, मग श्वास!" मला वाटायचं, माझी आठवण पक्की आहे. म्हणजे पहिल्याच जबड्यांपासून ती कच्ची होती, आणि इतकी वर्षं त्याचा पुरावा माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता.

मी कुठे येतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा मला सलग लिहू दे. एकतीस वर्षांत मी हे स्वतःशीसुद्धा सलग म्हटलेलं नाही.

गाणाऱ्या बाईंची कवळी सैल झाली होती. चार दिवसांवर त्यांचा मोठा कार्यक्रम. ठसा घेऊन आतून नवा थर द्यायचा होता. त्याच दिवशी आणखी एका बाईंचा ठसा आला होता, साधारण त्याच मापाचा. दोन्ही जबडे तू ओतलेस. तू आकडा घालायला काडी उचललीस तेव्हा मी म्हणालो, "तू जेवून घे, तुझा डबा गार झाला. आकडे मी घालतो." प्रेमाने म्हणालो होतो, हे तरी खरं आहे. मग तू माझ्या आकड्यांवर विसंबून बाईंची कवळी दुसऱ्या बाईंच्या जबड्यावर केलीस. माप जवळचं, म्हणून ती बसली. पण नुसती बसली, धरली नाही. बाई घाईत होत्या, मामांनी तोंडात घालून न पाहता दिली. आणि भरल्या सभागृहात, वरच्या सुरावर, ती खाली आली.

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "जबडे कोणी ओतले?" तू म्हणालास, "मी." जो ओततो त्याची जबाबदारी, हाही मामांचाच नियम. आकडे कोणी घातले हे त्यांनी विचारलंच नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी एका कवळीला पॉलिश करत होतो, ते करत राहिलो. मला आठवतं, ती आधीच चकचकीत झाली होती.

मग बाई आल्या. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्या तुला म्हणाल्या, "या हातांनी पुन्हा कोणाच्या तोंडाला शिवू नकोस." तू मान खाली घालून ऐकून घेतलंस, आणि महिन्याच्या आत बटणांच्या गावाला निघून गेलास. आपल्या दोघांत हात कोणाचा चांगला होता हे मामांना माहीत होतं, मला माहीत होतं, तुला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तुझा होता.

वर मी असं लिहिलंय की जणू आपली चूक मला काल कळली. ते खोडत नाही, पण ते खोटं आहे. मामांनी विचारलं त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. तुम्ही सगळे गेल्यावर मी दोन्ही जबडे उलटे करून पाहिले. आकडे उलटे पडले होते. मी कानस घेतली, दोन्ही आकडे घासून काढले आणि बरोबर कोरले. सकाळी मामांनी पाहिलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, म्हणजे चूक आकड्यांची नव्हे, कवळी करणाऱ्याच्या हाताची ठरली. अजून ती कानस माझ्या खणात आहे. मी तिने काम करतो.

आणखी एक आहे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. जायच्या आधी तू बाईंसाठी नवी कवळी केलीस, कोणाला न सांगता, आणि ओल्या कापसात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेलास. मामांना वाटलं मी केली. बाई फुलं घेऊन आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "असं काम मी आजवर पाहिलं नाही." मी म्हणालो, "तुमचे आशीर्वाद." बाईंनी चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी चाळीस जणांना. या दुकानाचं जे नाव आहे ते त्या कवळीवर झालेलं आहे. मामा जाताना मला म्हणाले, "धाकट्याच्या हातात कला होती, लक्ष नव्हतं." तेव्हाही मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट करत होतो.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं. मग एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या माणसाला तुसडा समजत आले. तुम्ही समजू दिलंत." आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

पाइप सोबत पाठवतो आहे. माझ्या मनाचा मोठेपणा वगैरे समजू नकोस. तो तुझ्याच मापाचा आहे; त्याच्यासाठी कवळी करायची तर तुझे दात माझ्या तोंडात लावावे लागतील, ते माझ्याने होणार नाही. वाटलं तर ओढ, वाटलं तर चुलीत घाल.

उत्तर आलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही.

दादा


२ जून, सोमवार

माझ्या धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की तुझी वहिनी म्हणाली, पाठ झाल्या असतील तर द्या इकडे, मलाही वाचू द्या. (ती पुन्हा बोलायला लागली आहे. चहा मात्र अजून टेबलावर आपटूनच ठेवते.)

"पाइप पोचला. डावीकडे बसतो, हात लावावा लागत नाही. बाकीचं वाचलं; ते मला कशाला सांगतोस, मी तिथेच होतो. बाईंना सांगितलंस का?"

शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. मला वाटलं होतं, तू शिव्या देशील, किंवा क्षमा करशील, किंवा काहीच लिहिणार नाहीस. तिन्हींची तयारी करून बसलो होतो. हा प्रश्न माझ्या हिशेबातच नव्हता. तुला सांगून मी मोकळा झालो असं मला वाटत होतं, आणि तू तीन शब्दांत दाखवलंस की मी सगळ्यांत सोपं दार ठोठावलं होतं.

दोन दिवस टंगळमंगळ केली. तिसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीने माझा धुतलेला शर्ट खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "तुम्ही जाताय, की मी जाऊ?" गेलो.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकीपाशी दोन खुर्च्या. एक शिष्या नुकतीच उठून गेली होती. मला पाहून त्यांना वाटलं, कवळीचंच काही काम असेल. म्हणाल्या, "तुम्ही कशाला जिना चढलात? मी आले असते."

मी उभ्यानेच बोलायला लागलो. बसलो असतो तर हवापाण्यावर गेलो असतो, मला मी ओळखतो. कार्यक्रमाच्या दिवशीची कवळी बिघडली ती माझ्या आकड्यांमुळे, धाकट्यामुळे नाही. मी गप्प बसलो. आकडे घासून टाकले. सगळं सांगितलं, पॉलिशसुद्धा सोडलं नाही.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाल्या, "आणि ही?" स्वतःच्या गालाला बोट लावून.

"ती त्याने केली. जाण्यापूर्वी. मी नाही."

"मी तुम्हाला फुलं दिली होती."

"हो."

"घेतलीत."

"घेतली."

त्यांनी पदराआड तोंड वळवून कवळी काढली आणि तळहातावर धरून खिडकीच्या उजेडात नेली. ऐंशीच्या पुढची बाई, दात काढले की चेहरा लहान होतो, तरी मला मान वर करून त्यांच्याकडे पाहवेना. खूप वेळ त्या ती उलटीसुलटी करून पाहत होत्या, गिऱ्हाईक पाहतं तशी नव्हे, आपण कारागीर पाहतो तशी. दात नसल्याने शब्द ओठांतच विरघळत होते, पण मला प्रत्येक कळला. "वीस वर्षं मी हिच्यावर गायले. एक सूर हिने पडू दिला नाही. गाताना मला कळायचं, हे करणाऱ्याला माझ्या तोंडाची काळजी होती. मला वाटायचं, ते तुम्ही."

कवळी परत घातली. मग आवाज बदलला. त्यांचा तो आवाज तुला आठवत असेल.

"मी त्या मुलाला काय बोलले होते, आठवतं?"

"आठवतं."

"म्हणा."

"बाई, कशाला आता..."

"म्हणा. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, आता बोला."

मी ते वाक्य म्हटलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि तुला कसं लागलं असेल ते मला एकतीस वर्षांनी समजलं. लिहिताना समजलं नव्हतं.

"त्याने ऐकलं माझं?"

"ऐकलं. पुन्हा कोणाच्या तोंडाला शिवला नाही. बटणं तपासतो."

"बटणं," त्या म्हणाल्या.  खुर्चीच्या दांड्यावर त्यांची बोटं एकावर एक नुसती आपटत होती.

मी म्हणालो, "मी त्याला कळवतो, की तुम्ही शब्द परत घेतला."

"तुम्ही कळवू नका!" त्या एकदम खुर्चीत पुढे झाल्या. "तुमच्याकडे काही दिलं की ते बदलतं. मी रागाने चारचौघांत बोलले, परतही चारचौघांत घेणार. पण तो समोर हवा. त्याच्या हातांकडे बघून मला ते म्हणायचं आहे. त्याला आणा. आणि लवकर आणा, माझं वय काय तुम्हाला माहीत आहे."

दारापर्यंत पोचवायला आल्या. जिन्यात मी वळून पाहिलं तर म्हणाल्या, "आज आलात, बरं केलंत. उशिरा केलंत." दोन्ही खरं.

तर असं आहे, धाकट्या. माझ्या खऱ्या जबड्यावर दुसरा करून द्याल का, असं मी पाइपवाल्याला पत्र टाकलं होतं. चूक माझीच होती, पण आशा चिवट. त्याचं उत्तर आलं, एका ओळीचं: एका मागणीला एकच पाइप, आपला झाला. मला मिळणार नाही हे आता नक्की. हळहळ वाटत नाही असं म्हणालो तर तू हसशील, कारण तुला माहीत आहे की मला वाटते. काल मागच्या जिन्यावर बसून माझा जुना तुटका पाइप ओढला. चव तीच. पण तुझ्या तोंडात तो बसला, हात लावावा लागत नाही, हे वाचून जो आनंद झाला तसा तो माझ्या तोंडात बसून झाला नसता. हे मोठेपणाने लिहीत नाही. माझं मलाच नवल वाटतं.

तुला ये म्हणायचा हक्क मी केव्हाच घालवला. म्हणून हा निरोप माझा नाही, बाईंचा आहे, आणि या वेळी मी त्यातला एकही शब्द बदललेला नाही. दुकानात यायचं नसेल तर येऊ नकोस. आमच्याकडे उतरायचं नसेल तर नको. स्टेशनवरून सरळ त्यांच्याकडे जा. तिसरा मजला, डावीकडचं दार. मी खाली रस्त्यावर थांबेन. तू म्हणालास तर वर येईन आणि ज्यांच्यासमोर गप्प बसलो होतो त्यांच्यातले जे कोणी उरले असतील त्यांना गोळा करून आणीन. तू म्हणालास तर रस्त्यावरच थांबेन.

फक्त ये. बाईंनी तुझ्या हातांची वाट पाहायला सुरुवात केली आहे. मी तर केव्हापासून पाहतो आहे, पण ते सांगायला मला तोंड नव्हतं.

ज्याच्या गप्प बसण्याने तुला घर सोडावं लागलं, तोच
तुझा दादा